नवमातेचा देह आणि कलावंताची नजर

मातृत्वाचा गौरव करण्यात आपली कला कधी कृपण नव्हती. मातेच्या देहाविषयी मात्र ती संकोचीच राहिली. वेरूळच्या चौदाव्या लेण्यातील सप्तमातृका पाहाव्यात. मूल जवळ आहे, परंतु देह नवयौवनेचाच. प्रसूतीची खूण त्यावर कोठेही नाही.

डच छायाचित्रकार रिनेके डाइक्स्ट्रा यांनी १९९४ साली टिपलेल्या तीन नवमातांच्या छायाचित्रांचे मोल आम्हांस यासाठीच वाटते. प्रसूतीनंतर एका तासाने, एका दिवसाने व एका आठवड्याने या स्त्रिया साध्या भिंतीपुढे जवळजवळ विवस्त्र उभ्या आहेत. एकीच्या पायावर रक्ताचा ओघळ आहे, दुसरीच्या ओटीपोटावर शस्त्रक्रियेचा व्रण. तरी त्या सरळ समोर पाहतात. तान्ह्याला छातीशी घट्ट धरतात. येथे करुणेची याचना नाही, बीभत्साची हौसही नाही.

आपल्याकडे बाळंतिणीला शेकशेगडी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर मिळते. पोटही आवळून बांधले जाते. शुश्रूषा उत्तमच, परंतु पूर्ववत दिसण्याची घाई तीत मिसळली, की स्वतःचाच देह त्या स्त्रीला परका वाटू लागतो. माहेरापासून दूर, बदलीच्या गावी, हे परकेपण अधिकच बोचते.

एक न्यून नोंदविणे प्राप्त आहे. ही छायाचित्रे आठवड्यापाशीच थांबतात. आरशापुढची खरी कसोटी पुढील महिन्यांत लागते, आणि देहावरची माया सावकाश परतते. त्या काळाचे चित्रण आम्हांस मराठीत वाचावयास हवे आहे. ते त्या मातांनीच लिहावे.