'अस्तित्व' : तिला बोलू कुणी दिलं?

महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' २००० साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. मराठी चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. आमच्या नवागामात अजूनही या सिनेमाचा विषय निघाला की बायका एकच विचारतात, "अदिती चुकली ना गं?" मला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

श्रीकांत पंडित सतत फिरतीवर. घरात एकटी पडलेली अदिती (तब्बू) नोकरी करते म्हणाली, तर याला ते पटत नाही. मग गाणं शिकवायला मल्हार कामत येतो आणि व्हायचं ते होतं. तिला दिवस जातात. नवरा परतल्यावर ती सगळं सांगायला जाते, पण बाप होण्याच्या आनंदात तो तिला बोलूच देत नाही. इतकी वर्षं जे 'लपवलं' म्हणतात, ते खरं तर न ऐकलेलं होतं! संवत्सरीला आपण गावभर मिच्छामि दुक्कडं म्हणतो. पण समोरच्यानं ऐकायलाही हवं ना?

पुढे मल्हारचं मृत्युपत्र येतं, सगळी मिळकत अदितीच्या नावे. लोक याला प्रेम म्हणतात. मला तर या माणसाचा रागच आला. जिवंतपणी दूर राहिला आणि मेल्यावर तिच्या दारात कागद टाकून मोकळा झाला. तिच्या संसाराचं काय होईल, हा विचार नको करायला?

श्रीकांत जुनी डायरी काढून तारखा जुळवतो. सचिन खेडेकरांनी हा नवरा राक्षस केलेला नाही, म्हणून तो जास्त बोचतो. असा माणूस आपल्या ओळखीत असतो : घरखर्चाला कमी करत नाही, सणाला साडी आणतो. बाहेर त्यानं काय केलं तेही सिनेमात उघड होतं, पण त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

शेवटचं अदितीचं बोलणं मात्र लांबलंय. तब्बूच्या नुसत्या चेहऱ्यावर निम्मं भागलं असतं.

माझ्या मनातून जात नाही तो अनिकेत. जिनं वाढवलं, त्या आईकडेच तो पाठ फिरवतो. आणि त्या घरात अजून सून म्हणून आलेलीही नाही ती रेवती अदितीच्या बाजूनं उभी राहते, लग्न मोडून.