गाडी बोलते, पण कोणाशी?

मोटारीची जाहिरात हल्ली इंजिनापेक्षा 'कनेक्टेड' या शब्दावर अधिक भर देते. घरी बसून मोबाइलवरून गाडीचे वातानुकूलन चालू करा, गाडी कुठे उभी आहे ते पाहा, बिघाड होण्याआधीच कंपनीला कळेल, अशी आश्वासने तिच्यात असतात. विज्ञानविषयक लेखांतही पुष्कळदा तोच मजकूर थोड्या गंभीर भाषेत येतो. विद्यार्थी तो वाचून वर्गात विचारतात, "सर, गाडीला इंटरनेट कशाला लागतं?" प्रश्न चांगला आहे. पण या लेखांतून त्याचे पुरते उत्तर मिळत नाही. जोडणीचे फायदे ते सांगतात. काय कशाला जोडले गेले, हे सांगत नाहीत. ते समजल्याखेरीज या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करता येणार नाही, असे आम्हांला वाटते.

सुरुवात गाडीच्या आतून करू. गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वाढू लागले, तसा एक पेच उभा राहिला. इंजिनाच्या नियंत्रकाला गिअरची माहिती हवी, ब्रेकच्या नियंत्रकाला चाकांच्या वेगाची. प्रत्येक जोडीसाठी वेगळी तार टाकायची, तर तारांचे जंजाळ होणार, वजन वाढणार आणि जोड निखळण्याच्या जागाही वाढणार. जर्मनीच्या बॉश कंपनीने यावर उपाय शोधला आणि १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे तो मांडला. त्याचे नाव 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', थोडक्यात 'कॅन'. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा सगळ्या नियंत्रकांपर्यंत फिरवायच्या आणि सर्वांनी त्यांवरूनच बोलायचे, ही त्यामागची कल्पना.

हे वर्गात खेळ म्हणून दाखवता येते. पाच मुलांना गोल बसवा. एकाला इंजिन करा, एकाला ब्रेक, एकाला वेगमापक, एकाला गिअर, एकाला दरवाजे. प्रत्येकाने आपला निरोप चिठ्ठीवर लिहायचा: वर निरोपाचा क्रमांक, खाली मजकूर. पाठवणाऱ्याचे नाव लिहायचे नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचायची. ज्याच्या उपयोगाची असेल त्याने तिच्याप्रमाणे वागायचे. दोघे एकदम बोलू लागले, तर मोठ्या क्रमांकाच्या मुलाने थांबायचे आणि लहान क्रमांकाची चिठ्ठी आधी वाचू द्यायची.

मूळ 'कॅन'चे नियम बरेचसे असेच आहेत. निरोपाचा क्रमांक ११ बिटांचा, म्हणजे २०४८ वेगवेगळे क्रमांक शक्य. मजकूर जास्तीत जास्त ८ बाइटचा. तातडीच्या निरोपांना लहान क्रमांक दिले की ते अडून राहत नाहीत. थोड्या तारांत, थोड्या खर्चात भरवशाचे काम होते. आता सहाव्या मुलाला दाराबाहेर उभे करून ओरडायला सांगा: "क्रमांक ५, ब्रेक सोडा!" आतला 'ब्रेक' झालेला मुलगा काय करील? निरोप खरा की खोटा, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. चिठ्ठीवर नावच नसते.

१९८६ च्या अभियंत्यांना याबद्दल दोष देता येणार नाही. या तारांवर बोलायचे तर गाडीत शिरावे लागे. गाडीचे कुलूप तेच तारांचे कुलूप होते. पुढे त्याच गाडीत मोबाइलची जोडणी आली. जनरल मोटर्सने 'ऑनस्टार' ही सेवा १९९६ मध्ये जाहीर केली, मग इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. खोलीला बाहेरच्या बाजूने दार उघडले, आतले नियम मात्र बंद खोलीचेच राहिले.

याचा अर्थ काय होतो, हे संशोधकांनी वेळेवर दाखवून दिले होते. २०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन दिएगो शाखा यांतील गटाने एका खऱ्या गाडीच्या तारांवर खोटे निरोप सोडून ब्रेक निकामी करून दाखवले. गाडीत शिरायला मिळाल्यावर काय, कोणीही काहीही करील, असा आक्षेप त्यावर आला. २०११ मध्ये त्याच गटाने गाडीला हात न लावता ब्लूटूथ आणि मोबाइल जोडणीतून आत शिरून दाखवले.

तरीही चार वर्षांनी जे व्हायचे ते झाले. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा संशोधकांनी सेंट लुइस येथे घरात बसून महामार्गावरच्या जीप चेरोकी गाडीत शिरकाव केला. गाडी अँडी ग्रीनबर्ग हे पत्रकार चालवत होते. प्रयोगाची त्यांना कल्पना होती, पण नेमके काय होणार हे माहीत नव्हते. आधी थंड हवेचा झोत सुरू झाला, मग रेडिओ कर्कश वाजू लागला, मग वायपर हलू लागले. शेवटी ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. संशोधकांची वाट गाणी आणि नकाशे दाखवणाऱ्या पडद्यामागच्या यंत्रातून गेली होती. त्या यंत्राला मोबाइलची जोडणी होती, आणि त्याच्या शेजारची एक चिप 'कॅन'च्या तारांना जोडलेली होती. त्या चिपचा प्रोग्रॅम बदलून त्यांनी तिला हवे ते बोलायला लावले. कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी जाहीर केल्या आणि मालकांना सुधारित प्रोग्रॅमचे यूएसबी ड्राइव्ह टपालाने धाडले. जोडलेल्या गाडीवरचा इलाज पोस्टमनच्या हातून आला!

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. मोटार उद्योगाला सुरक्षिततेची जाण नाही, असे कोणी म्हणणार नाही. ब्रेकच्या तेलाची नळी फुटू शकते, म्हणून गाडीत तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा ठेवतात. 'हे मोडले तर काय?' हा प्रश्न या उद्योगाने पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. जोडणीने एक नवा प्रश्न आणला: 'कोणी मुद्दाम खोटे बोलले तर काय?' तो विचारायला उद्योगाने फार उशीर केला, कारण जोडणी ही त्याला रेडिओसारखी एक जादा सोय वाटली. गाड्यांच्या सायबर सुरक्षिततेचा नियम संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर संमत झाला तो जून २०२० मध्ये, आणि युरोपीय संघात सर्व नव्या गाड्यांना लागू झाला तो जुलै २०२४ मध्ये. पहिल्या प्रयोगाला तोवर १४ वर्षे झाली होती.

दुसरा आक्षेप गाडी बाहेर काय सांगते याबद्दल आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, की जनरल मोटर्सच्या गाड्यांतून गोळा झालेली चालकांच्या सवयींची माहिती विमा कंपन्यांना माहिती पुरवणाऱ्या संस्थांकडे जात होती. गाडी कुठे आहे याची नोंद कधी कधी दर ३ सेकंदांना होत असे, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई करताना म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विद्युत गाड्यांची माहिती नीट कुलूप न लावता साठवलेली आढळली. तिथे कोणी ब्रेकला हात लावला नव्हता. पण माणूस रात्री कुठे थांबतो, कोणत्या दवाखान्यात जातो, हे त्याच्या गाडीच्या मुक्कामांवरून कळते.

तिसरा आक्षेप आयुष्याचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते. मोबाइल जाळ्यांच्या पिढ्या त्याहून लवकर बदलतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने थ्रीजी जाळे बंद केले, तेव्हा अनेक चांगल्या चालत्या गाड्यांतील अपघाताची आपोआप सूचना देणारी सोय मुकी झाली.

मग जोडणी नकोच का? असे आमचे म्हणणे नाही. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून कारच्या नव्या नमुन्यांत 'ई-कॉल' सक्तीचा आहे. मोठा अपघात झाला की गाडी स्वतः ११२ क्रमांकाला फोन लावते आणि ठिकाण कळवते. एरवी ती गप्प असते. रोजच्या प्रवासात गाडीचा सतत माग काढता येऊ नये, अशी अटच कायद्यात आहे. जाळी बदलण्याची अडचण यालाही आहेच. पण काय बोलायचे, कोणाशी आणि केव्हा, हे इथे आधी ठरवले गेले.

आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षांसारखे अपवाद सोडून, ठिकाण कळवणारे यंत्र आणि संकटकाळची कळ सक्तीची झाली. शाळांच्या अनेक बसगाड्यांतही अशी यंत्रे दिसतात. म्हणून हा विषय परदेशी गाड्यांपुरता नाही. शिक्षकांनी मुलांबरोबर आपल्याच बसबद्दल विचारावे: हे यंत्र कोणाशी बोलते? त्याला फक्त ठिकाण सांगता येते, की बसच्या इतर नियंत्रकांनाही निरोप देता येतो? मुलांची रोजची वाट कोणाकडे साठते आणि किती दिवस? त्याचे जाळे बंद पडले, तर कळ दाबल्यावर कोण ऐकणार?

शाळेने ही उत्तरे बस पुरवणाऱ्याकडे लेखी मागावीत. ती मिळाली नाहीत, तर मुलांना तसेच सांगावे. वर्गात विचारलेल्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्याची सुरुवात तेथून होईल.