हॅश-मूल्य आणि संगणकीय पुराव्याच्या प्रामाण्याची मर्यादा

संगणकीय गुन्ह्यांच्या तपासात एनकेस, एफटीके इमेजर इत्यादी साधनांचा बराच बोलबाला आहे. त्यांचे मूळ कार्य मात्र साधे आहे. जप्त डिस्कची तंतोतंत प्रतिमा घ्यावयाची आणि दोहोंचे हॅश-मूल्य काढून ती सारखी असल्याची खात्री करावयाची. एक बिट जरी बदलला तरी हे मूल्य पार निराळे येते. म्हणून त्यास लाखेच्या मोहोरेची उपमा देतात. उपमा यथार्थ आहे; परंतु मोहोर केव्हा लागली, हा प्रश्न तिच्याआड झाकला जातो.

जालना मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात उमेदवारी-अर्ज वेळेत आले की नाही, याचा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. अशा चित्रणाची प्रत पुराव्यात आणावयाची तर प्रमाणपत्र आवश्यक, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरविले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने त्या प्रमाणपत्रात हॅश-मूल्याचा रकाना घातला. ही सुधारणा स्वागतार्हच होय. त्या नमुन्यात एसएचए-256 च्या पंक्तीस एमडी-5 व एसएचए-1 यांनाही बसविले आहे, हे खटकते. भिन्न मजकुरांचे एकच मूल्य येईल अशी जोडी घडविता येते, हे एमडी-5 बाबत 2004 मध्ये व एसएचए-1 बाबत 2017 मध्ये सिद्ध झाले. तथापि आधीच नोंदलेल्या मूल्याशी जुळणारी बनावट प्रत तयार करणे ही निराळी व कितीतरी कठीण गोष्ट असल्याने हा दोष आम्ही गौण मानतो.

खरा दोष वेळेचा आहे. मूल्य जप्तीच्या वेळीच काढावे, असे हा नमुना म्हणत नाही. आर्वीस वा हिंगणघाटास जप्त झालेल्या संगणकाचे मूल्य नागपूरच्या प्रयोगशाळेत प्रथमच निघाले, तर मधल्या दिवसांविषयी ते काय सांगणार?

जप्तीपूर्वीच्या काळाविषयी तर ते सर्वथा मूक असते. भीमा-कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये असा निष्कर्ष मांडला की, एका आरोपीच्या संगणकात नेटवायर या घातक प्रणालीद्वारे बाहेरून कागदपत्रे घुसविण्यात आली होती. राष्ट्रीय तपास संस्थेने तो मान्य केला नाही. वाद कसाही सुटो, ती तपासणी होऊ शकली ती बचावपक्षास डिस्कची प्रत मिळाली म्हणून. पंचनाम्यात पंचांसमक्ष काढलेले मूल्य नोंदणे आणि आरोपीस पूर्ण प्रत विनाविलंब देणे, या दोन्ही गोष्टी प्रमाणपत्राच्या नमुन्याबाहेर राहिल्या आहेत.