भुताची कैफियत

मराठी भयकथेला गेल्या काही वर्षांत एक नवा श्रोतृवर्ग लाभला आहे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरण्याची वाट पाहत ट्रकच्या केबिनमध्ये पडून राहिलेल्या चालकापासून भुसार विभागातल्या गाळ्यांच्या रखवालदारापर्यंत कितीतरी माणसे मोबाइलवर भुताच्या गोष्टी ऐकत रात्र काढतात, आणि त्यांच्या अभिरुचीला नाक मुरडण्याचे मला काहीएक कारण दिसत नाही. संताप येतो तो त्यांच्या कानांत जे ओतले जाते त्याचा. अमावास्या, घाटातले वळण, पांढऱ्या साडीतली बाई, मग वाद्यांचा कर्णकटू कल्लोळ, आणि या साऱ्यावर ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी मोहोर! घटना सत्य असेल तर ती कोणत्या दिवशी घडली, पाहणाऱ्याचा उदीम काय होता, त्याची जबानी कोणी घेतली, या प्रश्नांची दखल घेण्याचे सौजन्यही या कथांजवळ नाही.

भयकथा ही मूलतः पुराव्याची कला आहे, ही गोष्ट व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी लेखकांना पक्की उमगली होती. स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून 1865 साली बचावलेल्या डिकन्सने पुढच्याच वर्षी सिग्नलवाल्याची कथा लिहिली, तेव्हा तिच्यातले भय त्याने कोणा भग्न किल्ल्यात शोधले नाही. घंटा, तांबडा दिवा आणि बोगद्याचे तोंड एवढ्या रोजच्या सामग्रीत त्याला ते सापडले. ले फॅन्यूने 1872 च्या संग्रहात डॉक्टर हेसेलियसच्या दप्तरातली प्रकरणे म्हणून आपल्या कथा मांडल्या. पुढे भुतांचा छडा लावणारा ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स आला, तसाच हॉजसनचा कार्नॅकी आला. आणि या कार्नॅकीची थोरवी अशी, की त्याच्या तपासात कधी खरोखरीचे पिशाच निघते, तर कधी कोणा मनुष्याचे कपट, आणि म्हणूनच तो जेव्हा पिशाच म्हणतो तेव्हा त्याच्या निवाड्याला वजन येते.

आपल्याकडे हा वारसा खऱ्या अर्थाने पेलला तो नारायण धारपांनी. स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांचे सांगाडे घेऊन त्यांनी जे लिहिले त्याचा गवगवा पुष्कळ होतो, ‘तुंबाड’ या 2018 च्या चित्रपटाने त्यांचे नाव नव्या पिढीच्या ओठांवर आणले हेही चांगलेच झाले. परंतु धारपांचे अस्सल कर्तृत्व समर्थ या त्यांच्या कथानायकाच्या कथांत आहे. त्रस्त मनुष्य समर्थांकडे येतो आणि आपली हकीकत सांगतो; समर्थ ती अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतात, जागेची पाहणी करतात, आणि ज्या अमंगल शक्तीशी सामना करायचा तिच्या स्वभावाचा व मर्यादांचा अदमास घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकीत नाहीत. समोरच्याच्या बोलण्याला महत्त्व देणारी ही जी सावकाश, सभ्य चौकशी, तिच्यातच भीती मुरत जाते. वाडा, माजघर, अडगळीची खोली या ओळखीच्या जागा धारपांनी इतक्या साध्या, जवळजवळ रुक्ष भाषेत उभ्या केल्या, की त्यांतली एक वस्तू जागची हलली तरी वाचकाच्या अंगावर काटा यावा. या साधेपणालाच आमच्या समीक्षकांनी सामान्यपणा ठरवले, आणि धारप हयातभर वाचनालयांच्या फाटक्या प्रतींतच थोर राहिले.

रत्नाकर मतकरींची कथा मनाच्या विवरात उतरते, तिचा मार्ग निराळा आणि तिला चाहत्यांची वाण नाही. अखेरच्या पानावर दोरी ओढून भुताचा बुरखा काढणाऱ्या रहस्यकथांविषयी बोलण्याजोगे काही उरलेले नाही. विनोदी भुतांचे चित्रपट मुलांसाठी ठीक आहेत.

परंतु धारपांच्या मागून हा मार्ग ओस का पडावा? ज्या पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1917 पासून भांडारकर संस्था आहे, मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, त्या पुण्यात जुन्या हस्तलिखितातून अनिष्ट जागे करणारा एम. आर. जेम्ससारखा लेखक निपजू नये, ही मला साहित्याची हानी वाटते. शनिवारवाड्याचेच पाहा. नारायणरावांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी खून झाला, आणि त्या खुनाभोवती जी आख्यायिका जमली तिच्या केंद्रस्थानी एक कागद आहे, ‘ध’ चा ‘मा’ केलेला. तिच्यामागे रामशास्त्र्यांनी केलेली चौकशी आहे. लेखणीचा एक फरकाटा, एक मृत्यू, एक निःस्पृह तपासनीस! आमच्या कथेकऱ्यांनी त्यातला कागद टाकला, शास्त्री टाकला, आणि पौर्णिमेची किंकाळी तेवढी ठेवली.

आणि दप्तरे काही पेशवाईबरोबर बुडाली नाहीत. नाना-भवानी पेठांतून गुलटेकडीला आलेला भुसार बाजार आजही वहीवर चालतो: आवक नोंदली जाते, माल काट्यावर चढतो, हमाली-तोलाईचा हिशेब होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. समजा, रात्री मोजून कुलूपबंद केलेल्या थप्पीत सकाळी एक पोते अधिक निघाले. पोत्यावर खूण आहे, वहीत नोंद नाही, आणि ज्याची ती खूण त्याची अखेरची पट्टी कोणी चुकतीच केलेली नाही. हमालाने आकडा लावला तेव्हा ते पन्नास किलोंचे होते, पाठीवर घेतले तेव्हा त्याला माणसाचा भार जाणवला. येथे घाट नको, अमावास्या नको. आपल्या लोकसमजुतीतला समंध धनावरची मालकी सोडीत नाही आणि मुंजा अपुऱ्या आयुष्यापायी पिंपळावर खोळंबतो. आपली भुते पूर्वापार फिर्यादीच आहेत. त्यांची कैफियत ऐकून घेणारा लेखक तेवढा हवा.

अशा कथांनी अंधश्रद्धा बोकाळते असा आक्षेप येईल, आणि ज्या शहरात 2013 साली डॉक्टर दाभोलकरांची हत्या झाली तेथे तो हलक्याने घेता येणार नाही. तथापि हा आरोप चुकीच्या आरोपीवर ठेवला जातो. समर्थकथा स्वतःला कल्पित म्हणवते आणि कल्पनेच्या आत शहानिशेचा आग्रह धरते. तिचा वाचक प्रश्न विचारायला शिकतो. ‘सत्यघटना’ म्हणून विकली जाणारी कथा मात्र श्रोत्याकडून प्रश्नाचा हक्कच काढून घेते, आणि तिच्या अखेरीस गुण देणाऱ्या बाबाचा पत्ताही पुष्कळदा असतो. जादूटोण्याविरुद्ध कायदा करणाऱ्या राज्यात या मोहोरेचा जाब कोणी विचारीत नाही! दिवाळी अंकांच्या संपादकांनी तरी तो विचारावा: सत्याचा दावा करणारी कथा आली तर तिची नाव-गाव-तारीखवार छाननी करावी, छाननीला उतरली नाही तर परत धाडावी, आणि मोकळ्या झालेल्या पानांवर धंद्याच्या, दप्तराच्या, चौकशीच्या भुतांना जागा द्यावी.