मराठी कथापात्रांतील सुष्ट आणि दुष्ट

हरिभाऊ आपट्यांपासून विजय तेंडुलकरांपर्यंतच्या मराठी कादंबरी-नाटकांतील पात्रांचा मेळावा डोळ्यांपुढे आणला, तर एक विषमता तत्काळ जाणवते. ती अशी की, दुष्टपणा माणसात कोणत्या वाटेने शिरतो याचा शोध आपल्या लेखकांनी जितक्या बारकाईने घेतला, तितक्या बारकाईने चांगुलपणाचा घेतला नाही, आणि त्यामुळे आपले खलपुरुष कालांतराने माणसे झाले असले तरी आपले सज्जन पुष्कळ काळ देव्हाऱ्यातच राहिले.

देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (1899) पैलतीर दिसू लागलेला भुजंगनाथ बोहल्यावर चढण्यास उतावीळ होतो, त्याला प्रेक्षक हसून मोकळे होतात. परंतु पैशाच्या लोभाने पोटची पोर त्याच्या पदरात बांधावयास निघालेला कांचनभट मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण तो बाप आहे, आणि लोभ व पितृत्व ही दोन्ही एकाच उंबरठ्याच्या आत नांदत असल्याचे त्याच्या रूपाने प्रथमच उघड्या रंगभूमीवर दिसले.

गडकऱ्यांनी ही वाट रुंद केली. ‘भावबंधना’तील घनश्यामाचे कारस्थान कुटिल खरे, पण त्याच्या मुळाशी लतिकेने केलेल्या उपहासाची जखम आहे, हे नाटककार क्षणभरही विसरू देत नाही. ‘एकच प्याला’तील सुधाकराची कैफियत तर याहून खोल आहे. हा बुद्धिमान, मानी, पत्नीवर निरतिशय प्रेम करणारा वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीरामाच्या आग्रहाने तो पहिला प्याला ओठांशी नेतो. मद्याने त्याचा नाश केला असे म्हणणे सोपे आहे. परंतु अंतर्मुख होऊन पाहिले तर त्याचा नाश त्याच्या अभिमानाने केला, आणि तोच अभिमान कालपर्यंत त्याचे भूषण होता, हे ध्यानात येते. ज्या गुणामुळे माणूस उंच झाला त्याच गुणाच्या आधाराने तो कोसळतो, हे सत्य गडकऱ्यांना दिसले होते. सिंधूच्या बाबतीत मात्र त्यांची लेखणी पूजेला बसते. नवऱ्याच्याच हातून मरणाच्या दारी पोचलेली ही स्त्री त्याच्यावर आळ येऊ देत नाही. प्रेक्षागृह रडते, आणि ते रडणे खोटे नव्हे. पण तिला दुसरा मार्ग सुचतच नाही, आणि जिच्यापुढे निवडच उभी राहिली नाही तिच्या सद्‌गुणाने मनुष्यस्वभावावर कोणता प्रकाश पडणार?

हा प्रश्न तेंडुलकरांनी 1972 च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये विलक्षण निर्दयतेने उलटा करून विचारला. परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्या गदारोळात सारी चर्चा सखारामाच्या शिवराळपणाभोवती फिरत राहिली. वास्तविक सखाराम, टाकून दिलेल्या बायकांना घरात आणताना, आपल्या अटी आधीच स्पष्ट सांगतो. त्याचे सारे दोष दर्शनी आहेत. नाटकाचे मर्म लक्ष्मीत आहे. देवभोळी, सोशिक, मुंगळ्याशी मायेने बोलणारी ही बाई, तिच्यामागून सखारामाने घरात आणलेल्या चंपाचे गुपित त्याच्या कानी घालते. चंपाचा खून झाल्यावर तो थिजून उभा असताना हीच पुढे होऊन खड्डा खणू लागते, आणि आपण पुण्यवान आहोत व मेलेली पापी होती, या तिच्या श्रद्धेला तसूभरही तडा जात नाही. माझ्या मते मराठी रंगभूमीवर दुष्टपणाचे याहून भेदक दर्शन दुसरे नाही.

मग सुष्टाचे काय? त्याचे उत्तर मला उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (1960) सापडते. वऱ्हाडातील एका निरुद्योगी शिंप्याची बायको कौतिक ही सोशिकतेची मूर्ती नव्हे. ती चिडते, भांडते, हट्टाने बिऱ्हाड हलवते, नवऱ्याला टोचून बोलते, आणि तोच नवरा महारोगाने झिजू लागला म्हणजे संसाराचा सारा भार पाठीवर घेऊन उभी राहते. तिचा चांगुलपणा तिच्या रागापासून वेगळा काढता येत नाही. सिंधूला आपण वंदन करतो. कौतिकला आपण ओळखतो.

दुर्दैवाने ही वाट वाहती राहिली नाही. ऐतिहासिक व पौराणिक कादंबऱ्यांना जी अफाट लोकप्रियता लाभली, तिने निष्कलंक नायकाची आवड पुन्हा बळावली. व्यासांनी द्यूतसभेत द्रौपदीला हीन शब्द बोलणारा कर्ण आणि द्रोणवधाच्या वेळी अर्धसत्याचा आश्रय करणारा युधिष्ठिर निःसंकोच उभे केले. ‘मृत्युंजय’चा कर्ण मात्र (1967) वाचकाच्या सहानुभूतीतून कोठेच निसटू नये अशी लेखकाची धडपड पानोपानी जाणवते. दानशूर कर्ण भर सभेत एका असहाय स्त्रीविषयी तसे का बोलला, या प्रश्नात एका समर्थ कादंबरीचे बीज होते, आणि ते बीज आमच्या कादंबरीकारांनी अद्याप पेरलेले नाही.