उत्तराचे पलायन : युद्धकथेतील हास्याचे प्रयोजन

गंभीर युद्धकथेत विनोदी प्रसंग आला म्हणजे 'ताण हलका करण्यासाठी' या एका कारणाने त्याचे समर्थन करण्याची प्रथा पडली आहे. हे समर्थन वरवर सोयीचे असले, तरी त्यामुळे तो प्रसंग कथेबाहेर जातो. तो गाळला असता तरी कथेचे काही अडले नसते, असा त्याचा अर्थ होतो. विराटपर्वातील उत्तराचा प्रसंग या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. दूरदर्शनच्या प्रेक्षकांना तो बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' या मालिकेतून परिचित झाला. 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990 या काळात या मालिकेचे 94 भाग दाखविले गेले. द्यूत आणि वनवास यांचा संताप एका बाजूस व कुरुक्षेत्राचा संहार दुसऱ्या बाजूस, यांच्यामध्ये विराटनगरीचा हा कथाभाग येतो. तो केवळ विसावा आहे काय, हा येथील प्रश्न आहे.

मूळ प्रसंगाची घडण प्रथम लक्षात घ्यावयास हवी. त्रिगर्तांचा राजा सुशर्मा याने दक्षिणेकडील गायी पळविल्यामुळे विराट सैन्यासह तिकडे गेला आहे. इतक्यात उत्तरेकडून कौरव चालून येतात. गवळ्यांचा मुख्य ही वार्ता आणतो, तेव्हा राजपुत्र उत्तर अंतःपुरात स्त्रियांच्या मेळाव्यात बसला आहे. चांगला सारथी मिळाला, तर आपला पराक्रम पाहून कौरवांना हा प्रत्यक्ष अर्जुनच वाटेल, अशी बढाई तो मारतो. ती ऐकणाऱ्यांत सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदी आहे आणि खरा अर्जुन बृहन्नडा होऊन त्याच वाड्यात नृत्य शिकवीत आहे. द्रौपदीला ती बढाई सहन होत नाही. बृहन्नडेला सारथ्यास न्यावे, अशी सूचना तीच करते. बृहन्नडा कवच उलटसुलट चढवून राजकन्यांना हसविते आणि बाहुल्यांसाठी कौरवांची रंगीत वस्त्रे आणण्याची त्यांची मागणी मान्य करते.

कौरवसेना दृष्टीस पडताच उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो. तो धनुष्यबाण टाकतो, रथाखाली उडी घेतो आणि पळत सुटतो. वेणी आणि तांबडी वस्त्रे उडवीत बृहन्नडा त्याच्यामागे धावते व शंभर पावलांत त्याचे केस धरून त्याला थांबविते. सोडून देण्यासाठी तो सुवर्णनाणी, आठ वैडूर्यमणी, रथ आणि दहा हत्ती देऊ करतो. हे दृश्य पाहून काही कौरवसैनिक हसतात.

नाट्यशास्त्रात विकृत वेष हा हास्याच्या विभावांत गणला आहे, आणि रसाचा आभास हास्यात परिणत होतो, असे अभिनवगुप्ताचे विवेचन आहे. त्या परिभाषेत उत्तर हा वीराचा आभास होय. परंतु या प्रसंगात विकृत वेष आहे तो खऱ्या वीराचा, आणि शोभिवंत वीरवेष आहे तो भित्र्याचा. धावणाऱ्या बृहन्नडेला जे हसतात ते केवळ वेष पाहतात. राखेखाली झाकलेला अग्नी ओळखण्याचा तर्क त्याच सेनेतील जाणते करतात. हसणारा डोळा अपुरा पाहतो, ही जाणीव हास्याबरोबरच श्रोत्याला दिली जाते.

या प्रसंगाचे खरे मोल भीष्मपर्वात कळते. तेथे अर्जुन रथी आहे आणि कृष्ण सारथी. सेना पाहून अर्जुनाच्याही अंगावर काटा येतो. तोही बाणासह धनुष्य टाकतो. चाप टाकण्याची शब्दरचनादेखील दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच आहे. लोक हसतील, अपकीर्ती होईल, हा युक्तिवाद बृहन्नडा उत्तरापुढे मांडते. अपकीर्तीचाच युक्तिवाद कृष्ण अर्जुनापुढे करतो. एवढेच नव्हे, तर कृष्णाच्या पहिल्या फटकाऱ्यात 'क्लैब्य' हा शब्द आहे, आणि तो अशा माणसाला उद्देशून आहे, ज्याने नुकतेच एक वर्ष क्लीबाच्या वेषात काढले आहे.

बाह्य लक्षणे एक, पण अंतःकरण भिन्न. उत्तराला भय आहे स्वतःच्या मरणाचे; 'गायी नेऊ देत, लोक खुशाल हसोत' हे त्याचे उत्तर आहे. अर्जुनाला क्लेश आहे तो इतरांना मारावे लागेल याचा. भ्याडपणा आणि विवेकाची व्यथा बाहेरून सारखी दिसू शकते. त्यांतील भेद ओळखणे ही युद्धकथेतील सर्वांत अवघड परीक्षा होय. विराटपर्व त्या परीक्षेचे माप श्रोत्याच्या हाती आधीच देऊन ठेवते. उत्तराला हसलेला श्रोता अर्जुनाला हसू शकत नाही. उत्तराचा प्रसंग गाळल्यास गीतेच्या आरंभीचा विषाद दुबळा होत नाही, परंतु त्याला पारखण्याची कसोटी मात्र हरवते.

हास्याचे ऋण पुढे फेडलेही जाते. विजय मिळाल्यावर पुत्राच्या पराक्रमाने हर्षलेला विराट, बृहन्नडेची स्तुती करणाऱ्या कंकाच्या, म्हणजे युधिष्ठिराच्या, तोंडावर फासा फेकून मारतो. नाकातून ओघळणारे रक्त भूमीवर पडू नये म्हणून द्रौपदी ते सुवर्णपात्रात झेलते. बढाईतून निघालेला विनोद येथे रक्तापाशी पोहोचतो. त्याच क्षणी परतलेला उत्तर पित्याला क्षमा मागावयास लावतो आणि हा विजय आपला नव्हे, एका देवपुत्राचा आहे, असे सांगतो. न केलेल्या पराक्रमाची फुशारकी मारणारा तरुण आयता मिळालेला पराक्रम नाकारतो. पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हत्तीवरून शल्यावर चालून जाऊन तो त्याच्या शक्तीने मारला जातो.

मराठीत मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांनी विराटपर्व गाइले. खाडिलकरांनी मात्र त्यातील गंभीर भाग उचलून 'कीचकवध' (1907) रचले व 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. एकाच पर्वाचे असे विभाजन करणे नाटककाराच्या हेतूस पोषक होते. दूरदर्शन मालिकेत विभाजन घडते ते प्रसारणाच्या रीतीने. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याला उत्तराचे पलायन आणि अर्जुनाचा विषाद यांमध्ये अनेक रविवारांचे अंतर पडते. साहजिकच पहिला प्रसंग स्वतंत्र प्रहसन वाटू लागतो. वरोर-डहाणूच्या किनाऱ्यावरून पूर्वेस जव्हार-मोखाड्याकडे गेल्यास बोहाड्यात याच्या उलट रीत आढळते. तेथे मुखवटे घातलेल्या देवदानवांची झुंज आणि हसविणारे सोंग एकाच रात्री, त्याच प्रेक्षकांसमोर येते. हास्याची आठवण पुसण्यापूर्वीच भय उभे राहते. 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात मालिका दररोज पुन्हा दाखविली गेली, तेव्हा हे अंतर पुष्कळच कमी झाले.

यावरून युद्धकथेतील विनोदी प्रसंगाच्या परीक्षणाची दिशा सूचित होते. तो किती हसवितो, हा प्रश्न गौण आहे. ज्याला हसविले त्याच्याकडे कथा पुन्हा वळते की नाही, आणि वळल्यावर श्रोत्याला आपल्या हसण्याचा फेरविचार करावा लागतो की नाही, हे पाहिले पाहिजे. उत्तर पळाला तेव्हा त्याला हसणे योग्यच होते; शल्यासमोर तो पडतो तेव्हा त्या हसण्याची किंमत कळते.