ताळा हरवलेले गणित : तरुणांच्या अंकज्ञानाची आणि व्यवहारकौशल्याची चिकित्सा

प्रस्तावना :

'आजच्या मुलांना साधा हिशेब येत नाही' ही तक्रार घरोघरी, दुकानांत आणि शिक्षकांच्या खोलीत सारख्याच सुरात ऐकू येते. पदवीधर तरुण शंभराच्या नोटेतून परत येणारी रक्कम भ्रमणध्वनीवर काढतो, एकराचे गुंठे किती हे त्याला विचारावे लागते, निघालेली शिवण त्याला घालता येत नाही आणि फ्यूजची तार बदलण्यासाठी तो दुसऱ्याला बोलावतो, अशी उदाहरणे या तक्रारीसोबत दिली जातात. त्यावर 'पूर्वी पाढे पाठ असत, आता यंत्राने डोके निकामी केले' असा निर्वाळाही दिला जातो. तक्रारीत तथ्य आहे. मात्र निदान घाईचे आहे. या निदानाची तपासणी करणे आणि नेमके काय हरवले आहे याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे मूलभूत गणित म्हणजे चार क्रिया, अपूर्णांक, शेकडेवारी व मापन असा मर्यादित अर्थ घेतला आहे. व्यवहारकौशल्य म्हणजे या ज्ञानाचा हाताच्या कामात आणि देवाणघेवाणीत उपयोग करण्याची क्षमता.

आकडेवारी काय सांगते :

ग्रामीण भारतातील मुलांच्या अध्ययनस्थितीचा 'असर' हा अहवाल या विषयावरील एक प्रमुख आधार आहे. त्यातील नोंदींनुसार तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे पाचवीतील सुमारे ३६ टक्के मुलांना २०१० मध्ये जमत होते. २०१८ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आले आणि २०२२ मध्ये, म्हणजे कोरोनाकाळातील शाळाबंदीनंतर, २५.६ टक्क्यांवर उतरले. २०२४ मध्ये ते ३०.७ टक्के झाले. अधोगती सरळ रेषेत झालेली नाही. परंतु सर्वांत चांगल्या वर्षीही निम्म्याहून अधिक मुले भागाकारापर्यंत पोहोचलेली नव्हती, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

१४ ते १८ वयोगटाविषयीचा २०२३ चा अहवाल प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचा आहे. त्यात सुमारे ४३ टक्के युवकांना भागाकार करता आला. याहून बोलकी नोंद मोजपट्टीसंबंधी आहे. वस्तूचे टोक शून्यावर ठेवले असता सुमारे ८५ टक्के युवकांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्याऐवजी दुसऱ्या खुणेपासून ठेवताच हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. म्हणजे अनेकांना 'पट्टीवरील शेवटचा आकडा वाचावा' एवढाच नियम ठाऊक होता. लांबी म्हणजे दोन खुणांमधील अंतर, ही कल्पना मनात रुजलेली नव्हती. वजाबाकी वा त्यापुढील क्रिया येणाऱ्या युवकांपैकीही कर्जफेडीची रक्कम काढू शकणारे जेमतेम १० टक्के होते. याच अहवालात सुमारे ९० टक्के युवकांच्या घरी स्मार्टफोन असून तो त्यांना वापरताही येतो, असे दिसते. यंत्र हाताशी आहे, पण त्याला काय विचारावे आणि आलेल्या उत्तराची पारख कशी करावी हे ठाऊक नाही, असा याचा अर्थ होतो.

पावकी-निमकीची परंपरा आणि तिचा आधार :

'पूर्वी सर्व येत होते' या समजुतीची चिकित्सा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठी अंकलिपीत तीसपर्यंतच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. औट म्हणजे साडेतीन. सव्वा रुपया शेर या भावाने साडेतीन शेर जिन्नस घेतला तर चार रुपये सहा आणे होतात, हे जाणकार माणूस कागदाविना सांगू शके. मात्र हे सामर्थ्य केवळ पाठांतराचे नव्हते. रुपयाचे १६ आणे, शेराचे १६ छटाक, मणाचे ४० शेर अशी व्यवहाराची मापेच पाव, अर्धा, पाऊण या भागांवर उभी होती. मूल जे घोकत असे तेच त्याला बाजारात दिसत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि १९५८ ते १९६२ या काळात वजनमापेही टप्प्याटप्प्याने मेट्रिक झाली. हा बदल योग्यच होता. परंतु त्यामुळे पावकी-निमकीच्या पायाखालची जमीन सरकली आणि दशमान पद्धतीला साजेशी तोंडी हिशेबाची नवी परंपरा मात्र शाळेने तयार केली नाही.

दुसरे असे की, ही परंपरा सर्वांची कधीच नव्हती. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि स्त्रियांमधील साक्षरता ९ टक्क्यांच्याही आत होती. अक्षरशून्य शेतकऱ्याला कागदोपत्री कसे नाडले जाते याचे चित्र महात्मा फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात रेखाटले आहे. त्यापूर्वी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतून मोडी व बालबोध लेखन-वाचनासोबत हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान द्यावे, अशी मागणी केली होती. हिशेब न येणे म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबावर जगणे, हे फुल्यांनी ओळखले होते. म्हणून आजच्या प्रश्नाकडे गतवैभवाच्या ऱ्हासाच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरते. जी विद्या मूठभरांकडे होती ती सर्वांपर्यंत नेण्याचे काम अर्धवट राहिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

संख्यावाचनाचा वाद :

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'सोबत 'वीस दोन' अशी पर्यायी वाचनपद्धती देण्यात आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले होते. पंचविसात आधी पाच ऐकू येतात व मग वीस, लिहिताना मात्र दोन आधी येतो. शिवाय संख्यानामांतील जोडाक्षरे लहान मुलांना कठीण जातात, ही त्यामागील भूमिका होती. विरोधकांनी मराठी भाषेच्या सौष्ठवाचा मुद्दा मांडला. दोन्ही बाजूंना आपापले बळ होते. परंतु वादाचा सारा भर संख्येच्या नावावर राहिला आणि संख्येच्या जाणिवेविषयी फारशी चर्चा झाली नाही. 'बावीस' म्हणणारे वा 'वीस दोन' म्हणणारे मूल बावीस चिंचोके मूठभर होतील की टोपलीभर, हे सांगू शकते काय, हा प्रश्न मागेच राहिला.

बाजारातील गणित आणि शाळेतील गणित :

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आदी अभ्यासकांचे संशोधन २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा त्यात अभ्यास आहे. भाजी तोलून गुंतागुंतीच्या रकमा मनातल्या मनात जुळवणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या, त्याहून सोप्या उदाहरणांपाशी अडखळली. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुले पुस्तकी मांडणीत उजवी ठरली, तरी बाजारातील हिशेबात ती फार मागे राहिली. ब्राझीलमधील रेसिफे शहरात फेरीवाल्या मुलांबाबत १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही शाळेतील व रस्त्यावरील गणित यांतील अशीच फारकत आढळली होती.

या निष्कर्षांमुळे 'पिढीला गणित येत नाही' हे सरसकट विधान टिकत नाही. गणित दोन ठिकाणी जिवंत आहे, पण त्या दोन ठिकाणांमध्ये ये-जा नाही. महाराष्ट्रातील शेतीतही याचा प्रत्यय येतो. द्राक्षबागेत संजीवकांची मात्रा पीपीएममध्ये मोजतात. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, हे प्रमाण बागायतदार रोजच्या सरावाने जाणतो. लिटरला २ मिलिलिटर औषध सांगितले असता १६ लिटरच्या पंपाला ३२ मिलिलिटर लागते, हाही गुणोत्तराचाच हिशेब. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सौदा मात्र एकर-गुंठ्यांत. ४० गुंठ्यांचा एकर आणि १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. इतके संपन्न व्यावहारिक गणित अवतीभवती असताना वर्गातील उदाहरणे बहुधा कोऱ्या संख्यांवरच थांबतात.

व्यवहारकौशल्याची कागदी अवस्था :

हाताच्या कामाविषयी विचारांची उणीव आपल्याकडे नव्हती. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम मानले. टकळीवरील सुताचे तार मोजता मोजता अंकगणित शिकावे, अशी ती कल्पना होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. तथापि बहुसंख्य शाळांत कार्यानुभव हा श्रेणीपुरता विषय उरला. वस्तू विकत आणून जमा करणे आणि वही सजवणे यांत त्याची इतिश्री होऊ लागली. ज्या विषयाला गुण नाहीत त्याला वेळ नाही, या परीक्षाकेंद्री न्यायाने हाताचे काम दुय्यम ठरले. त्यामागे श्रमाला कमी लेखणारी जातिबद्ध दृष्टीही आहे, हे नाकारता येत नाही.

याला अपवादही आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्न व आरोग्य या कामांतून मुले शिकतात. कोपरा काटकोनात आणताना पायथागोरसचा सिद्धान्त आणि काँक्रीट कालवताना गुणोत्तर हाती लागते. कामात चूक झाली तर भिंत तिरकी होते. ती चूक दाखवण्यासाठी लाल शाईची गरज राहत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची तरतूद आहे. वर्षातील १० दिवसांची सहल होऊन ती संपू नये, एवढी अपेक्षा करता येईल.

नेमके काय हरवले :

जुन्या अंकगणितात 'ताळा' हा शब्द महत्त्वाचा होता. भाजकाला भागाकाराने गुणून बाकी मिळवली की भाज्य यावे, हा भागाकाराचा ताळा. त्याआधी मनाशी 'अदमास' घेतला जाई. आज उणीव भासते ती या दोन सवयींची. यंत्राने दशांशचिन्हाची चूक दाखवलेली नाही, कारण ती करणाऱ्यानेच केलेली असते. ३२ ऐवजी ३२० मिलिलिटर हे उत्तर खटकण्यासाठी माणसाजवळ अदमास असावा लागतो.

कर्जाच्या व्यवहारात या उणिवेची किंमत मोजावी लागते. ६०,००० रुपयांचे कर्ज दोन वर्षांसाठी '१२ टक्के सरळ दराने' दिले, तर व्याज १४,४०० रुपये आणि मासिक हप्ता ३,१०० रुपये होतो. मुद्दल दरमहा कमी होत असतानाही व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारले जाते. त्यामुळे घटत्या शिलकीवर हा दर वर्षाला सुमारे २१.५ टक्के पडतो. पहिल्यांदा दुचाकी वा फोन हप्त्याने घेणाऱ्या तरुणाला हे कोणी शिकवलेले नसते. फुल्यांच्या काळी कागद वाचता न येणारा नाडला जात होता. आज कागद वाचता येऊनही त्यावरील आकडा न कळणारा नाडला जातो.

निष्कर्ष :

१. तरुणांच्या मूलभूत गणितातील उणीव वास्तव आहे. परंतु तिचे खापर केवळ यंत्रावर वा तरुणांच्या आळसावर फोडणे अन्यायाचे आहे.

२. पाढ्यांचे पाठांतर उपयुक्त असले तरी व्यवहाराच्या आधाराशिवाय ते टिकत नाही, हे पावकी-निमकीच्या इतिहासावरून दिसते.

३. शेत, बाजार, स्वयंपाकघर आणि कारखाना यांतील मापे व हिशेब गणिताच्या तासाला आणणे, आणि तेथील तोंडी रीतींना लेखी मांडणीची जोड देणे, ही निकडीची गरज आहे.

४. गणकयंत्राला बंदी करण्याऐवजी 'आधी अदमास, मग यंत्र, शेवटी ताळा' हा क्रम प्रत्येक इयत्तेत रुजवावा. कर्ज, व्याज आणि हप्ता यांचा हिशेब शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतः करता आला पाहिजे.

५. हस्तकौशल्याच्या विषयाचे मूल्यमापन वहीवरून न होता केलेल्या कामावरून व्हावे.

पिढीला दोष देणे सोपे आहे. तथापि या पिढीला मोजायला काय दिले, याचा ताळा शिक्षणव्यवस्थेनेही एकदा करून पाहावा.